ट्रॅक्टर व मालमोटार यांचा क्लच सुटत नसल्यास

बैलांचा सरंजाम कमी होऊन गांवोगांव ट्रॅक्टर आले, तसा शेतकऱ्याच्या संसारांत एक नवा खर्च शिरला. बैल आजारी पडला तर त्याचें लक्षण ओळखणारे चार जाणते लोक गांवांत सांपडत. ट्रॅक्टरचें दुखणें मात्र आपण मिस्त्रीच्या तोंडूनच ऐकतों व तो सांगेल तें खरें मानून पैसे मोजतों. या दुखण्यांपैकीं ज्याविषयीं सर्वांत जास्त गैरसमज आहे तें म्हणजे क्लच नीट न सुटणें. पायडल तळापर्यंत दाबलें तरी गिअर टाकतांना करकर आवाज होतो, विशेषतः मागचा गिअर टाकतांना; किंवा गिअर पडल्यावर पायडल दाबून धरलेलें असतांही ट्रॅक्टर हळूहळू सरकत राहतो. अशा वेळीं ‘क्लच-प्लेट गेली’ असा निकाल उभ्याउभ्या मिळतो. मग ट्रॅक्टर मधोमध सोडवून त्याचे दोन भाग करावे लागतात, ऐन हंगामांतले दोन-तीन दिवस जातात, नवी प्लेट पडते, आणि पुष्कळदां थोड्याच दिवसांनीं तीच करकर पुनः सुरू होते. असें कां होतें, आणि ट्रॅक्टर उघडण्यास परवानगी देण्यापूर्वीं मालकानें स्वतः काय पाहावें, हें येथें सांगण्याचा विचार आहे. मालमोटारीचें तत्त्वही तेंच. जेथें फरक आहे तेथें तो सांगूं.

हा प्रश्न केवळ खर्चाचा नव्हे. ट्रॉली जोडतांना एक माणूस ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्यामध्यें उभा राहून खीळ घालतो. चालकानें मागचा गिअर टाकून पायडल दाबून धरलेलें असतें, आणि त्या माणसाचा जीव त्या क्षणीं क्लच पूर्ण सुटण्यावर अवलंबून असतो. क्लच ओढत असेल तर ट्रॅक्टर वीतभर मागें येतो, आणि माणूस चेंगरण्यास वीतभर अंतर पुरे होतें. ज्या ट्रॅक्टरच्या क्लचविषयीं थोडीही शंका आहे, त्याच्या मागें गिअर न्यूट्रलमध्यें व ब्रेक लावलेला असल्यावांचून कोणासही उभें करूं नये. शंका नसेल तरीही हाच नियम चांगला. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्र यांत कांहीं अडकलें असतां केवळ पायडल दाबून हात घालणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. इंजिन बंद केल्याशिवाय तेथें हात नेणें म्हणजे क्लचच्या भरंवशावर हात गहाण ठेवणें होय.

शिवाय उसाच्या भागांत आणखी एक नड आहे. तोडलेला ऊस शक्य तों चोवीस तासांच्या आंत गाळला जावा. जसजसा उशीर होतो तसतसें त्याचें वजन घटतें व साखरही कमी होते. दोन भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यांत उभ्या राहिल्या म्हणजे दुरुस्तीच्या बिलावर न दिसणारा हा तोटा शेतकऱ्याच्याच अंगावर पडतो.

क्लचची रचना ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. इंजिनच्या मागच्या टोंकास फ्लायव्हील हें जड चाक असतें. त्याच्या पाठीशीं दोन्ही बाजूंस अस्तर लावलेली एक चकती असते, हीच क्लच-प्लेट. ती गिअरबॉक्समधून आलेल्या दांडीच्या दांत्यांवर बसविलेली असून त्या दांत्यांवर मागें-पुढें सरकूं शकते. चकतीच्या पाठीमागें प्रेशर-प्लेट असते, व ती बळकट स्प्रिंगांच्या जोरानें चकतीस फ्लायव्हीलवर दाबून धरते. तिघें एकत्र फिरतात तेव्हां इंजिनची शक्ति चाकांकडे जाते. आपण पायडल दाबलें म्हणजे दांडी ओढली जाते, दांडी आडव्या शाफ्टास फिरविते, त्या शाफ्टवरील फोर्क रिलीज-बेअरिंगास पुढें ढकलतो, व तें बेअरिंग प्रेशर-प्लेटच्या बोटांवर टेकतें. या बोटांस मिस्त्री ‘फिंगर’ म्हणतात. बोटें तरफेप्रमाणें काम करून प्रेशर-प्लेट मागें खेंचतात, आणि चकती दोघींच्या मध्यें मोकळी होते. पुष्कळ ट्रॅक्टरांत पी. टी. ओ.साठीं दुसरी चकती असते. तेथें पायडल अर्धें दाबल्यावर चाकें थांबतात व पूर्ण दाबल्यावर पी. टी. ओ. थांबतें.

आतां मुख्य मुद्दा. क्लचचे विकार दोन असून ते एकमेकांच्या अगदीं उलट आहेत. पहिला, क्लच पकडत नाहीं. इंजिनचे फेरे वाढतात पण नांगर पुढें जात नाहीं आणि जळकट वास येतो. दुसरा, क्लच सुटत नाहीं. चकतीचें अस्तर झिजून पातळ झालें म्हणजे प्रेशर-प्लेट फ्लायव्हीलकडे थोडी आणखी सरकते, बोटांचीं टोंकें उलट दिशेस म्हणजे रिलीज-बेअरिंगकडे येतात, व पायडलाचा मोकळा खेळ कमी कमी होत जातो. खेळ अगदीं संपला कीं बेअरिंग बोटांवर सतत टेकून राहतें, स्प्रिंगांचा दाब अपुरा पडतो व क्लच घसरूं लागतो. म्हणजे झिजलेली चकती पहिला विकार उत्पन्न करते, दुसरा नव्हे. खेळ कमी झाल्यामुळें क्लच सुटण्यास झालीच तर मदत होते. यास्तव गिअर करकरतो म्हणून कोणी नवी प्लेट सुचविल्यास प्लेटचा नेमका दोष काय तें विचारावें. ती वांकली आहे, चिकटली आहे, दांत्यांवर अडकली आहे, किंवा अस्तराचा तुकडा सुटून मध्यें बसला आहे, असें उत्तर आलें तर तें विचारांत घेण्यासारखें आहे. ‘झिजली’ हें उत्तर या विकाराचें नव्हे.

मग नवी प्लेट घातल्यावर कांहीं दिवस गुण येतो तो कशानें? जोडणी करतांना मिस्त्रीस पायडलाचा खेळ नव्यानें लावावाच लागतो. गुण त्या खेळाचा असतो, श्रेय प्लेटीस मिळतें.

पायडलापासून प्रेशर-प्लेटपर्यंत किती चाल पोंचते याचा हिशेब एकदां कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक यंत्राचे आंकडे निराळे. आम्ही उदाहरणादाखल सोयीचे आंकडे घेतों. पायडलाची एकंदर चाल १५० मिलिमीटर आहे, पायडलाच्या तरफेनें ती पांचपट घटून दांडीवर ३० होते, आणि फोर्काच्या तरफेनें आणखी घटून बेअरिंगापाशीं साडेबारा राहते, असें समजूं. म्हणजे पायडलाचे १२ मिलिमीटर तेव्हां बेअरिंगाचा एक मिलिमीटर. आरंभींचा मोकळा खेळ २५ मिलिमीटर वजा केला तर १२५ उरतात, व बेअरिंग बोटांना सुमारें १०.४ मिलिमीटर ढकलतें. बोटांची तरफ पुनः पांचपट मानली तर प्रेशर-प्लेट सुमारें २.१ मिलिमीटर मागें येते. चकतीच्या दोन बाजूंत ही जागा वांटली जाते, आणि पुष्कळ चकत्यांच्या अस्तरांमध्यें लवचीक पत्रे असतात ते दाब सुटतांच फुगून कांहीं जागा स्वतःच खातात. इतक्या दीडशें मिलिमीटरांच्या खटाटोपांतून शेवटीं हातीं येतें तें नखाच्या जाडीएवढें अंतर!

आतां झीज धरा. दांडीच्या खिळा व त्यांचीं भोंकें मिळून ३ मिलिमीटर ढिलीं झालीं, कीं पायडलाचे १५ गेले. आडव्या शाफ्टच्या बुशांत झीज होऊन फोर्काच्या टोंकाशीं एक मिलिमीटर कमी पडला, कीं आणखी १२ गेले. बोटांचीं टोंकें व बेअरिंगाचें तोंड मिळून एक मिलिमीटर झिजलें, कीं आणखी १२. पूर्वींचा २५ चा खेळ धरून ६४ मिलिमीटर फुकट गेले, उरले ८६. त्यांतून प्रेशर-प्लेट मागें येणार ती सुमारें १.४ मिलिमीटर. एक-तृतीयांश चाल वाटेंतच गळाली. पाण्याच्या पाटांतून शेवटच्या वाफ्यास पाणी पोंचत नसेल तर आपण आधीं विहीर खणावयास घेत नाहीं, पाट कोठें फुटला आहे तें पाहतों. येथेंही तसेंच करावयाचें.

आमच्या शेजारच्या गांवीं एका बागाइतदाराच्या ट्रॅक्टरास एका हंगामांत दोनदां प्लेट घातली गेली. तिसऱ्यांदा ट्रॅक्टर उघडण्याची तयारी झाली तेव्हां त्यांच्या चिरंजीवांनीं पायडलाखालीं वांकून दांडीची खीळ हातानें हलविली. खीळ निम्मी झिजली होती आणि तिचें भोंक लंबगोल झालें होतें. भोंक भरून घेऊन नव्यानें पाडलें, नवी खीळ व नवी कॉटर-पिन घातली, खेळ लावला. तेव्हांपासून गिअर मुकाट्यानें पडतात. दोन प्लेटींचा खर्च मात्र परत येण्याजोगा नव्हता.

तपासणीस आरंभ करण्यापूर्वीं दोष क्लचचाच आहे कीं गिअरबॉक्सचा हें ठरवून घ्यावें. इंजिन बंद असतां सर्व गिअर एकामागून एक टाकून पाहावे. इंजिन बंद असतांही गिअर अडत असतील तर क्लचला बोल लावण्यांत अर्थ नाहीं. (एखादे वेळीं दांते समोरासमोर येतात, गाडी किंचित् हलवून पुनः पाहावें.) ते सहज पडत असतील तर इंजिन मंद चालवून, गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून, पायडल तळापर्यंत दाबावें व सावकाश दहा अंक मोजून मग मागचा गिअर टाकावा. क्लच नीट सुटला असेल तर एवढ्या वेळांत आंतील चकती थांबलेली असते व गिअर आवाज न करितां पडतो. दहा अंकांनंतरही करकर झाली तर क्लच ओढतो आहे असें समजावें. पायडल दाबल्याबरोबर घाईनें गिअर टाकला असतां कित्येक जुन्या धाटणीचे गिअरबॉक्स चांगल्या स्थितींतही करकरतात, हा क्लचचा दोष नव्हे. ही परीक्षा सपाट व मोकळ्या जागीं करावी. पुढें-मागें माणूस, जनावर किंवा भिंत नसावी.

नंतर दोषाचा इतिहास विचारावा. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां, सातबाऱ्यावर एखादें नांव कसें आलें हें फेरफार पाहिल्याशिवाय कधीं कळत नसे. यंत्राचेंही तसेंच आहे. दोष हळूहळू वाढत आला असेल तर झीज व ढिलाई. रस्त्यांत एकाएकीं उद्भवला असेल तर खीळ पडली, फोर्क तुटला, किंवा मालमोटारींत नळी फुटली. दुरुस्तीनंतर लगेच सुरू झाला असेल तर नवी चकती उलटी बसली, बोटांची उंची सारखी लागली नाहीं, किंवा जोडतांना गिअरबॉक्सचें सारें वजन चकतीवर लोंबकळून ती वांकली. ट्रॅक्टर पावसाळाभर उभा राहिल्यानंतर आढळला असेल तर चकती गंजून चिकटली. आणि चिखलणी करून आल्यावर सुरू झाला असेल तर क्लचच्या डब्यांत पाणी व गाळ शिरला आहे काय तें पाहावें. या एका प्रश्नानें निम्मा तपास आपोआप होतो. परंतु हें उत्तर चालकाकडून गोडीगुलाबीनें काढावें लागतें, कारण दोष आपल्या माथीं येईल या भीतीनें तो बहुधा ‘आजच झालें’ असें सांगतो.

मापें घेण्यास एक फूटपट्टी, खडू व एक साहाय्यक पुरे. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्यें, ब्रेक लावलेला व चाकांस दगड. पट्टी पायडलाशेजारीं उभी धरून पायडल हातानें हलकेंच दाबावें. जेथें एकदम जड लागूं लागतें तेथपर्यंतची चाल म्हणजे मोकळा खेळ. पुष्कळ ट्रॅक्टरांत हा खेळ २० ते ३० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवावयाचा असतो. पण खरा आंकडा यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकांतला, व तोच प्रमाण मानावा. खेळ फार असेल तर दांडीवरील चाकी ढिली करून दांडीची लांबी बदलून तो लावावा. कित्येक चालक गिअर सहज पडावा म्हणून खेळ अजीबात काढून टाकतात. त्यानें करकर थांबते, परंतु बेअरिंग अहोरात्र फिरत राहून जळतें आणि क्लच घसरून चकतीही जळते. एक रोग घालवून दुसरा आणल्यासारखें होतें.

खेळ बरोबर असूनही करकर असेल तर दुसरें माप घ्यावें. साहाय्यकानें पायडल तळापर्यंत दाबावें, व आपण क्लचच्या डब्याबाहेर आलेल्या शाफ्टवरील तरफेचें टोंक किती सरकतें तें पट्टीनें मोजावें. हें माप हातानें दाबून न घेतां पायाच्या पूर्ण जोरानें घ्यावयाचें, कारण कांहीं ढिलाई स्प्रिंगांचा भार आल्यावरच उघडी पडते. याच वेळीं प्रत्येक खिळेकडे पाहावें. खीळ आधीं हलते व दांडी मागाहून, असें दिसलें तर तेथें गळती आहे. तरफ व शाफ्ट यांवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढावी. दाबल्यावर रेघ तुटली तर तरफ शाफ्टवर घसरते आहे, म्हणजे तिची चावी किंवा दांते गेले. पायडल ज्या पट्टीवर बसविलें आहे ती पट्टीच कधीं तडकून वांकत असते. पायडलाखालीं जमलेल्या वाळलेल्या चिखलामुळें तें तळापर्यंत जातच नाहीं, असाही प्रकार घडतो, व तो सांगितल्यावर लोक हंसतात. पण पाहत मात्र नाहींत.

पुस्तक हरवलें असेल तर त्याच जातीचा चांगला चालणारा ट्रॅक्टर शेजाऱ्याकडे पाहावा व त्याचीं हींच दोन मापें घेऊन आपल्या मापांशीं ताडून पाहावीं. बाहेरील तरफ पुरेशी सरकत नसेल तर दोष बाहेर आहे आणि ट्रॅक्टर उघडण्याचें कारण नाहीं. ती पूर्ण सरकत असून क्लच ओढत असेल तर दोष डब्याच्या आंत. हद्दीची खूण हीच, आणि ती पाहिल्याशिवाय कोणासही बोल्ट सोडूं देऊं नयेत.

आवाजावरूनही कांहीं गोष्टी समजतात. गाडी न्यूट्रलमध्यें उभी असतां पायडलाचा मोकळा खेळ संपून बेअरिंग टेकतांच घरघर सुरू झाली तर रिलीज-बेअरिंग खराब. पायडल सोडलेलें असतां आवाज होतो व दाबल्यावर थांबतो, असें असेल तर गिअरबॉक्सच्या पुढील बेअरिंगाकडे पाहावें. पायडल पूर्ण दाबून गिअर पडलेला असतां जो आवाज येतो तो बहुधा फ्लायव्हीलच्या मध्यभागीं बसविलेल्या लहान बेअरिंगाचा असतो. हें लहान बेअरिंग फार लबाड आहे. तें गंजून जाम झालें म्हणजे चकती पूर्ण सुटली तरीही फ्लायव्हील गिअरबॉक्सच्या शाफ्टास आपल्याबरोबर फिरवीत राहतें, आणि दोष क्लचच्या नांवावर पडतो. रिलीज-बेअरिंग बंद जातीचें असल्यास डिझेलांत धुऊं नये. त्यांतील ग्रीस निघून जाऊन चांगलें बेअरिंग आठ दिवसांत बोलूं लागतें.

आतां मालमोटारीकडे वळूं. उसाची वाहतूक करणाऱ्या बहुतेक मोठ्या गाड्यांत दांडीच्या जागीं द्रवाची नळी असते. पायडलाशीं मास्टर-सिलिंडर, गिअरबॉक्सशीं दुसरा सिलिंडर, व पायाचा जोर कमी लागावा म्हणून त्या दुसऱ्या सिलिंडरास हवेच्या दाबाची मदत देणारा बूस्टर. द्रव दाबला जात नाहीं, हवा दाबली जाते. म्हणून नळींत हवा शिरली कीं पायडलाची चाल हवा दाबण्यांत जाते. याची परीक्षा सोपी आहे. एकदां दाबून गिअर पडत नाहीं, पण भराभर दोन-तीनदां दाबल्यावर पडतो, असें झालें तर नळींत हवा आहे किंवा मास्टर-सिलिंडर अशक्त झाला आहे. पायडल दाबून धरलें असतां तें आपोआप हळूहळू खालीं जात असेल आणि बाहेर कोठेंही गळती नसेल तर मास्टर-सिलिंडरांतील रबरी वाटी गेली. पायडल हलकें पण बाहेरील दांडीची चाल अपुरी, हा द्रवाचा दोष. पायडल दगडासारखें जड, हा बहुधा हवेचा. जड लागल्यास प्रथम हवेच्या दाबाचा कांटा पाहावा, आणि टाकीच्या तळाची तोटी उघडून पाणी काढावें. हें पाणी रोज काढावयाचें असतें. तें बूस्टरांत गेलें म्हणजे आंतील झडपा गंजतात. पायडल दाबून धरलें असतां बूस्टरांतून एकसारखा सूंऽऽ आवाज येत राहिला तर त्याची झडप गळते आहे.

हवा काढण्याचें काम दोघांनीं करावें. टांकी द्रवानें भरावी, खालच्या सिलिंडरावरील हवा काढण्याच्या स्क्रूस पारदर्शक नळी लावून तिचें दुसरें टोंक थोडा द्रव असलेल्या बाटलींत बुडवावें. एकानें पायडल दाबून धरावें. दुसऱ्यानें स्क्रू ढिला करून बुडबुडे जाऊं द्यावे व तो पुनः आंवळावा. त्यानंतरच पायडल सोडावें. हा क्रम चुकला तर गेलेली हवा परत आंत ओढली जाते. मधून मधून टांकी भरीत राहावें. टांकीच्या झांकणावर जो द्रव लिहिला असेल तोच घालावा. जेथें ब्रेक-द्रव सांगितला आहे तेथें इंजिनचें किंवा हायड्रॉलिकचें तेल घातल्यास रबरी वाट्या फुगतात, आणि मग सर्वच सिलिंडर बदलावे लागतात. ब्रेक-द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो, यास्तव अर्धवट उघडी राहिलेली बाटली पुढील हंगामास वापरूं नये. मास्टर-सिलिंडरच्या दांडीसही थोडा मोकळा खेळ असावा लागतो. तो नसेल तर द्रव परत येण्याचें छिद्र बंद राहतें व गाडी तापल्यावर क्लच घसरूं लागतो.

बाहेर कांहींच सांपडलें नाहीं तर डबा उघडणें प्राप्त आहे. त्या वेळीं मालकानें जवळ उभें राहावें. बोटांची उंची सर्वत्र सारखी आहे काय, एखादें बोट मोडलें आहे काय, चकती दांत्यांवर हातानें सहज सरकते काय, लहान बेअरिंग बोटानें फिरतें काय, एवढें तरी डोळ्यांदेखत पाहून घ्यावें. चकती उलटी बसल्यास तिचा मधला उंचवटा फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासतो व तेथें चकचकीत वळ दिसतात. अस्तराची धूळ तोंडानें किंवा हवेच्या नळीनें उडवूं देऊं नये. पुष्कळ जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, व तें श्वासांत जाणें फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्यानें पुसावी. नवी चकती बसवितांना गिअरबॉक्स तिच्यावर लोंबकळूं देऊं नये. जॅक किंवा घोडी यांच्या आधारानें तो समपातळींत पुढें न्यावा.

पावसाळ्यानंतर चिकटलेल्या चकतीसाठीं मात्र लगेच डबा उघडण्याची गरज नसते. ट्रॅक्टर ट्रॉली व अवजार सोडून मोकळ्या सपाट शेतांत न्यावा. तेथपर्यंत नेणें जमत नसेल तर दुसऱ्या ट्रॅक्टरानें ओढून न्यावा. इंजिन न्यूट्रलमध्यें चांगलें तापवून बंद करावें. दोन्ही ब्रेक-पायडलें एकत्र जोडावीं. मग वरचा, म्हणजे वेगाचा, गिअर टाकून, क्लचचें पायडल तळापर्यंत दाबून, चालकानें आपल्या जागेवर बसूनच इंजिन सुरू करावें. ट्रॅक्टर चालूं लागेल. पायडल दाबलेलेंच ठेवून थोडा वेग द्यावा व ब्रेक दाबावा. दोन-तीन वेळां असें केल्यानें चकती बहुधा सुटते. न सुटल्यास हट्ट धरूं नये. खालच्या गिअरांत हा प्रयोग करूं नये, आणि मागचीं चाकें साखळीनें बांधून किंवा ओंडका घालून तर कदापि करूं नये. मागचीं चाकें फिरूं शकलीं नाहींत तर ट्रॅक्टरचें पुढील तोंड उचललें जाऊन तो चालकावर उलटतो. जमिनीवर उभें राहून स्टार्टरला तार किंवा पाना लावून इंजिन सुरू करण्याची जी खोड कांहीं ठिकाणीं आहे, ती या वेळीं सर्वांत घातक.

असा प्रसंग येऊं नये म्हणून कित्येक ट्रॅक्टरांस पायडल दाबलेल्या स्थितींत अडकवून ठेवण्याचा आंकडा असतो. ट्रॅक्टर फार दिवस उभा राहणार असेल तेव्हां तो लावावा. तो नसेल तर लांकडाची आधारकाठी लावली तरी काम भागतें. मावळ, कोंकण व भातपिकाच्या इतर भागांत चिखलणी करणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. क्लचच्या डब्याच्या तळाशीं एक लहान भोंक असतें. कित्येक यंत्रांत चिखलांत उतरतांना तें बुचानें बंद करावयाचें व काम झाल्यावर उघडावयाचें असतें. तें मोकळें असलें म्हणजे आंत कांहीं गळत असल्यास ताबडतोब दिसतें; काळें पातळ तेल टपकलें तर इंजिनकडील सील, जाड व उग्र वासाचें टपकलें तर गिअरबॉक्सकडील.

साखर कारखान्यापुढील रांगेचा येथें उल्लेख केला पाहिजे, कारण आमच्या मतें उसाच्या भागांतील रिलीज-बेअरिंगें नांगरटीपेक्षां त्या रांगेंतच जास्त मरतात. रांग हातभर पुढें सरकते, चालक पायडल अर्धें दाबून गाडी धरून ठेवतो, आणि असें रात्रभर चालतें. जेथें थांबावयाचें तेथें न्यूट्रल करून पाय काढावा, आणि गाडी ब्रेकवर उभी ठेवावी. नांगरतांना पायडलावर नुसता पाय टेकवून बसण्याचीही संवय वाईट. पायाच्या त्या ओझ्यानेंच बेअरिंग बोटांना चिकटून फिरत राहतें. आडव्या शाफ्टच्या निपलांत ग्रीस वेळच्या वेळीं भरावें, पण पंप मारमारून भरूं नये. जास्तीचें ग्रीस आंत अस्तरावर उडतें.

डबा उघडून प्लेट बदललीच तर जुनी प्लेट मागून घ्यावी. ती मालकाची वस्तु आहे. अस्तरांतील रिव्हेटांचीं डोकीं पृष्ठभागाच्या किती खालीं आहेत तें पाहावें. तीं पुष्कळ खोल असतील तर अस्तर अजून शिल्लक होतें व प्लेट झिजली नव्हती. नंतर ती फरशीवर किंवा कांचेवर ठेवून चारी बाजूंनीं दाबून पाहावी. डुलत असेल तर वांकली होती. तिच्या मधल्या दांत्यांत गंज आहे काय, अस्तर तेलानें काळवंडलें आहे काय, तेंही पाहावें. हीं लक्षणें, तारीख, घड्याळावरील तास व घेतलेलीं दोन मापें ट्रॅक्टरच्या वहींत लिहून ठेवावीं, आणि खेळ नव्यानें लावल्यापासून पहिल्या आठवड्यांतच पट्टी घेऊन तो पुनः एकदां मोजावा, कारण नवी चकती बसूं लागली म्हणजे तो थोडा बदलतो.